निळ्या राखेतला वाल

माझ्या सासूबाई माती चाखायच्या. खोटं वाटेल, पण लग्न होऊन अंबरनाथला आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. दुपारची वेळ. भांडी घासून झालेली, मागच्या दारात ऊन आडवं पडलेलं. सासूबाई उंबरा उतरून खाली गेल्या, परसातली चिमूटभर माती उचलली, फुंकर मारून तिच्यातला खडा उडवला आणि प्रसाद घ्यावा तशी जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मी दारात ओले हात घेऊन उभी. हे घरात कुणाला सांगावं की नाही, असा विचार करत होते, तेवढ्यात त्यांनी बाजूला थुंकून निकाल दिला.

"अळणी हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू पन बग गो बाय."

मी चाखून पाहिली. नव्या सुनेला पहिल्या महिन्यात सासू जे पुढे करील ते तोंडात घालावंच लागतं. विटेची, राखेची आणि थोडी गंजक्या खिळ्याची चव होती. "अळणीच आहे," मी गंभीरपणे म्हणाले, जणू सात पिढ्या माती चाखत आलो होतो.

वास्तविक आमच्या सात पिढ्यांचं मला ठाऊक नाही, पण माझ्या एका पिढीची मातीशी ओळख नव्हती. मी उल्हासनगरची, कॅम्प नंबर तीनची. आमच्या खोलीपुढे फरशी, फरशीपुढे गटार, गटारापुढे रस्ता आणि रस्त्यावर रिक्षा. माती होती ती तेलाच्या डब्यात, तुळशीच्या पायाशी. तीही आईने कुठून तरी मागून आणलेली. माझे वडील जीन्सच्या एका कारखान्यात कटिंग मास्तर होते. आमच्या घरात कापड हीच जमीन. वडील ठाण टेबलावर अंथरायचे, थरावर थर, थरावर थर, आणि मी लहानपणी त्या निळ्या ढिगावर गाल टेकून झोपायचे. अजूनही मला गाढ झोप लागली की कोऱ्या डेनिमच्या खळीचा वास येतो.

तर अशी मी, आणि माझ्यापुढे ते परस. लांबीला दोन खाटा आणि रुंदीला एक खाट मावेल एवढं. आमचं घर मोरिवलीच्या कडेला, कारखान्यांच्या भिंतीपासून हाकेवर. खाली पूर्वी भाताचं खाचर होतं म्हणे. ते कारखान्यांची राख, फुटक्या विटा आणि काय काय टाकून भरलेलं, वर घरांची ओळ. म्हणजे आमच्या परसात माती होती असं म्हणणं हाच मोठा सभ्यपणा होता.

त्या भरावात सासूबाईंना वाल लावायचा होता.

याला कारण होतं, आणि ते कारण फळीवर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात होतं. सासूबाईंचं माहेर बदलापूरजवळ, चामटोलीला. तिथल्या शेतात भात निघाला की वाल पेरायचे. कडवा वाल, बारीक दाण्याचा. त्यांच्या आईच्या आईपासूनचं बी. त्या वर्षी त्यांच्या भावाने शेत विकलं. बंगल्यांचे प्लॉट पडणार होते. भावाने बहिणीला निरोप धाडला, आणि बहिणीने जाऊन दुसरं काही न मागता बियाण्याच्या वालाचा डबा आणला, चुलीची राख घातलेला.

"बी घरान बसलं का रुसतं," त्या मला सांगत. "एक वरीस थांबंल. दुसऱ्या वरसाला किरा तरी लागंल, नायतर दाना मुका होईल." म्हणजे येत्या थंडीत ते बी जमिनीत जायला हवं होतं. आणि माहेरची जमीन आता नव्हती. उरलं होतं ते हे, दोन खाटा बाय एक खाट.

आता नाटकात विरोधी पक्ष हवाच. तो आमच्याकडे पगारी होता, शिफ्ट करायचा आणि सायंकाळी चहात बटर बुडवून खायचा. माझे सासरे. त्यांना घरात सगळे दादा म्हणत. दादांना परसात कोबा करायचा होता. स्वच्छ, उताराचा, घोटलेला कोबा, त्यावर धुणं धुवावं, सायकल लावावी, पावसाळ्यात बुटाला चिखल लागू नये. मातीवर त्यांचा राग होता. त्यांच्या वडिलांची भातशेती औद्योगिक वसाहतीत गेली होती, आणि ज्या कंपनीत ते कामाला होते तिच्या बॉयलरकडे बोट दाखवून ते पाहुण्यांना सांगत, "आमचा कोळंबा भात तिथं पिकायचा. आता वाफ पिकते." सांगताना हसत. ऐकणारा मात्र कधी हसल्याचं मला आठवत नाही.

"त्या राखेत वाल?" दादा बायकोला म्हणाले. "अगं, तिथं गवत उगवताना दहा वेळा विचार करतं."

"तुमी नका करू इचार. आमी करतो."

"बरं. येत्या थंडीत वाल आला तर तुझी माती. नाही आला तर माझा कोबा. सुनेसमोर बोलतोय."

सून म्हणजे मी. साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली, आणि त्याच दुपारी मी पक्ष बदलून सासूबाईंना फितूर झाले.

होळीनंतर आम्ही खणायला घेतलं. रविवारी माझा नवरा कुदळ मारी आणि इतर दिवशी आम्ही दोघी. ती कुदळ मातीत जाण्याचा आवाज अजून कानात आहे, कारण तो मातीचा नव्हताच. ठण्ण, खर्र, किच्च. विटांचे तुकडे निघाले, काचेच्या गोळ्या निघाल्या, बेअरिंगची कडी निघाली, कपाचा कान निघाला, एका बाहुलीचा पाय निघाला. मी एकेक वस्तू धुऊन भिंतीवर मांडायला लागले. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालताना विचारत, "आज काय निघालं गं?" आणि मी म्युझियममधल्या माणसासारखी हात करून दाखवी, "हा बघा, राजाच्या रथाचा स्क्रू." बाहुलीच्या पायासाठी तर त्यांच्या नणंदा गल्लीतून बघायला आल्या.

सासूबाई खणलेलं सगळं वाळूच्या चाळणीवर टाकत. चाळण भिंतीला तिरकी टेकवलेली. फावड्याने माती मारायची, खडे अलीकडे घरंगळतात, बारीक माती पलीकडे पडते. दुपारी सगळी गल्ली झोपलेली असे, कारखान्यांचा घुंऽऽ आवाज लांबून येई, तोही झोपेत घोरल्यासारखा, आणि उन्हात ती बारीक धूळ चाळणीतून पलीकडे उतरताना सोनेरी पडद्यासारखी दिसे. मी फावडं धरून बघतच राही. मला वाटे, पडदा आता वर जाईल आणि पलीकडे चामटोली दिसेल. सासूबाईंचं शेत, बांध, बांधावर बसलेली लहानगी सासूबाई, दोन वेण्यांची.

"झोपलीस का उभ्या उभ्या?" सासूबाई म्हणत.

"नाही, बघत होते."

"बग, बग. मग मार फावरा."

चाळूनही ती माती हाताला भुसभुशीत लागेना. पिठासारखी बोटांतून सांडून जाई. मूठ वळली तर टिकत नसे. मग सासूबाईंनी माहेरून माती आणायला सुरुवात केली. भावाच्या प्लॉटवर अजून बांधकाम नव्हतं. बदलापूरला कुणाच्या बारशाला, कुणाला बघायला, कशालाही गेल्या की चामटोलीवरून वळून येत. हातात कापडी पिशवी, पिशवीत काळी माती, वरून पालेभाजीची जुडी. एकदा एस.टी.त कंडक्टरने पिशवी उचलून बघितली आणि वाकलाच.

"मावशी, काय भरलंय यात?"

"म्हायार," सासूबाई म्हणाल्या.

कंडक्टरने पिशवी हळूच खाली ठेवली आणि पुढे गेला. हा प्रसंग मी पाहिलेला नाही, सासूबाईंनी सांगितलेला आहे. पण त्यांनी तो प्रत्येक वेळी इतक्या शांतपणे सांगितला, की मी तो पाहिला होता असंच मला वाटतं.

एप्रिल सरत आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आता राब घालायचा.

राब मला माहीत नव्हता. आमच्या भागातले शेतकरी उन्हाळ्यात रोपांची जमीन भाजतात, तो राब. खाली शेण, वर पालापाचोळा, वर गवत, सगळ्यांवर मातीचा हलका थर, आणि मग आग. भाजली की माती तणाला विसरते, सासूबाई म्हणत. परसातल्या भाजीसाठी कुणी एवढा थाट करत नाही, पण त्यांच्या मते ही माती आजारी होती आणि आजाऱ्याला शेक लागतोच. शेण मोरिवलीतल्या एका गोठ्यातून मिळालं. पाला आम्ही वसाहतीच्या रस्त्यावरच्या झाडांखालून गोळा केला. पण गवत कुठलं आणायचं? मिळालं ते दोन खाटांवर पसरलं तर चादरीएवढंही होईना.

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. कापूसही शेतातच उगवतो. चिंध्या म्हणजे कापूसच.

मी माहेरी गेले. वडिलांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांच्या गोण्या पडलेल्या असत. मालक सिंधी शेठ, पांढरा लेंगा, तोंडात बडीशेप. मी म्हटलं, "शेठ, चिंधी न्यायचीय, परसात घालायला." शेठने माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं.

"ले जा पुट, ले जा," ते म्हणाले. "बस इतना बता दे, सब्ज़ी उगेगी या पैंट?"

कारखानाभर मशिनी थांबल्या, सगळे हसले. माझे वडील हसले नाहीत. कोपऱ्यातल्या गोण्यांतून त्यांनी स्वतः चांगल्या निवडल्या, जसा काही सासरी रुखवत धाडायचा होता. रिक्षात मी मागे, माझ्या दोन्ही बाजूंना गोणी, मांडीवर एक गोणी. रिक्षावाल्याने आरसा फिरवून तीन वेळा पाहिलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "दीदी, अंदर कौन है?"

सासूबाईंनी गोणीत हात घातला, चिंधी बाहेर काढली, दोन बोटांत चोळली.

"कपरं जालायचं?"

"कापूसच आहे हो, आई."

"तुझ्या बाबान्नी दिलं?"

"निवडून दिलं."

त्यांनी चिंधी पुन्हा एकदा चोळली. मग म्हणाल्या, "आपल्या दोघींचा म्हायार हाय मग हितं." आणि खाली बसून चिंध्या अंथरायला लागल्या. शेण, पाला, चिंधी, पाला, चिंधी, वर चामटोलीची माती. आम्ही जणू जमिनीला गोधडी घालत होतो. मी तर चिंध्यांच्या कडा जुळवत होते, वडिलांची मुलगी ना. सासूबाई म्हणाल्या, "शिवत बसशील का काय आता?"

राब वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवायचा असतो, म्हणजे आग धावत नाही, मागे मागे सरकत हळूहळू भाजते. सासूबाईंनी बरोबर तसाच पेटवला. शेणाने धूर धरला, पाल्याने धरला, तो धूर ओळखीचा होता, पांढरा, घरगुती. मग आग चिंधीला पोचली. चिंधी पेटली नाही. ती धुमसली. आणि जो धूर निघाला त्याला मी आयुष्यात विसरणार नाही. जड, निळसर, जमिनीला चिकटून चालणारा. तो भिंतीवरून चढला, पलीकडे उतरला आणि वहिनींच्या चादरींतून वाट काढत गल्लीत गेला.

आता अंबरनाथच्या त्या टोकाला राहणाऱ्या माणसाला कसलाही वास आला की तो आधी स्वयंपाकघरात बघत नाही, कंपनीकडे बघतो. गॅस सुटला, असं पहिल्यांदा कोण म्हणालं कळलं नाही. पण बघता बघता गल्ली भरली. लोक नाकाला ओले रुमाल लावून बाहेर. दुपारपाळीला निघालेले जागच्या जागी थांबले. आणि मग सुरू झाली ती चर्चा, जी फक्त आमच्या गावात होऊ शकते. प्रत्येकाला वेगवेगळ्या कारखान्यांचा वास पाठ होता.

"हा रंगवाल्यांचा."

"छे, रंगवाल्यांचा आंबट असतो. हा औषधवाल्यांचा."

"औषधवाल्यांचं आज शटडाउन आहे. माझा मेहुणा घरी झोपलाय."

"मग रबर?"

"रबर घशाला लागतं. हा डोळ्याला लागतोय."

इतक्यात पहिल्या पाळीवरून दादा आले. सगळ्यांनी त्यांना वाट दिली. इतकी वर्षं बॉयलरपाशी काढलेला माणूस, नाकाचा उस्ताद. दादांनी डबा शेजाऱ्याच्या हातात दिला, मान वर केली, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला. पुढच्या दाराच्या फटीतून मी बघत होते. त्यांची ती मुद्रा मी पूर्वी पाहिली होती. माती जिभेवर ठेवताना सासूबाईंची अगदी तीच असते.

"आमच्या कंपनीचा नाही," दादा म्हणाले. आवाजात अभिमान होता. "हा कुठल्याच कंपनीचा नाही. असला माल अंबरनाथमध्ये बनतच नाही. उल्हासनगरकडून आलेला दिसतोय."

त्यांचं नाक किती खरं होतं, हे फक्त आम्हा दोघींना कळलं. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. मग वाऱ्याने धूर किंचित हलला, दादांची नजर त्याच्यामागून चालत चालत आमच्या कौलांवर आली, आणि तिथेच थांबली. त्यांनी शेजाऱ्याच्या हातून डबा परत घेतला. गल्लीला म्हणाले, "जा, घरी जा. काही नाही. आमच्याकडे वाल लावतायत."

त्या रात्री दादा मान खाली घालून जेवत होते. भात घालताना सासूबाई म्हणाल्या, "मीठ पायजे का?" ते म्हणाले, "नको. नाकात आहे." वहिनींच्या चादरी मी तीन वेळा धुऊन दिल्या, तरी शेणाच्या वासाने त्यांच्या पाहुण्यांना म्हणे कित्येक दिवस बैलगाडीतून जात असल्याची स्वप्नं पडत.

राब थंड झाला तेव्हा राख निळसर करडी होती. पारव्याच्या मानेसारखी. तिच्यात पितळेची बटणं, पँटच्या चेन आणि खिशाच्या कोपऱ्यावरचे तांब्याचे रिपिट चमकत होते. शेठच्या माणसांनी टेबलाखालचं सगळंच झाडून गोणीत भरलं होतं. सासूबाईंनी चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. मी वाट बघत राहिले. त्यांनी तोंडातून एक बटण काढलं, पाहिलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "आता जरा चव आली," त्या म्हणाल्या.

मात्र सगळी चिंधी जळली नव्हती. भिंतीकडच्या बाजूला खालचा थर तसाच राहिला होता, काळपट, ओलसर. काढायला लागलं तर फाटेना. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, कुजंल. वर माती ओढली.

पावसाळा आला आणि गेला. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. आम्ही काकडी लावली, चार काकड्या आल्या, त्यांतली एक वाकडी होती आणि चवीला तीच बरी होती. दादा दर रविवारी परसाच्या कडेला उभे राहून हाताने उतार मापत. सिमेंटच्या दोन गोण्या आणून त्यांनी पुढच्या ओटीवर ठेवल्या. त्यांच्यावर बसून पेपर वाचत.

दिवाळी झाली आणि सासूबाईंनी डबा उघडला. मूठभर बी मागे ठेवलं, सगळं कधी पेरायचं नसतं, आणि बाकीचं बोटाने भोक पाडून एकेक लावलं. मी पाणी आणायला वळले.

"पानी कशाला?"

"घालायला."

"वालाला पानी नाय घालत. वाल दव पितो."

चामटोलीला हे खरंच होतं. भाताच्या काळ्या जमिनीत ओल खोल टिकते, थंडीत दव पडतं, तेवढ्यावर वाल पिकतो. वालाला पाणी पाजणं म्हणजे त्यांच्या माहेरी जवळजवळ शिवी होती. पण आमचा भराव म्हणजे चाळण. रोज सकाळी दव पडे, उन्हं आली की माती पुन्हा पिठासारखी. मी रोज मागच्या दारात बसून बघे. धुक्यात सगळं परस गायब असे, फक्त भिंत आणि तिच्यावरचा बाहुलीचा पाय. त्या धुक्यात मला वाल दिसे. वेल, फुलं, शेंगा. मग धुकं विरलं की रिकामी जमीन.

दिवस गेले. काही नाही. मी एकदा म्हटलं, "आई, थोडंसं तरी?" त्या म्हणाल्या, "नाय." आवाज पडलेला होता. त्या दिवशी त्यांनी दाण्याजवळची माती उकरली. दाणा तसाच, कोरडा, सुरकुतलेला. तो त्यांनी पदराने पुसला आणि हातात धरून बसल्या. मी शेजारी बसले. लांबून कारखान्याचा भोंगा झाला. दादा मागच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता कोबा म्हणतील. पण ते वळले. आत गेले आणि ओटीवर पेपरचा आवाज आला.

कोंब आले ते भिंतीकडे. फक्त भिंतीकडे, एका ओळीत. वाकलेल्या मानेचे, डोक्यावर माती घेतलेले. मी ओरडले नाही, हे माझ्या स्वभावाकडे पाहता विशेष. मी सासूबाईंचा हात धरून त्यांना तिथे नेलं. त्या खाली बसल्या, बोटाने माती बाजूला केली. खाली ती न जळलेली चिंधी होती, थरावर थर, पावसाळ्यात प्यालेलं पाणी अजून धरून बसलेली. थंडगार, ओली. कोंबाचं मूळ सरळ तिच्यात शिरलं होतं. सासूबाईंनी ती बोटांनी दाबली.

"बग गो," त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबाचा कपरा."

जानेवारीत शेंगा धरल्या. एक ओळ, त्यामुळे फार नव्हत्या. आणि इथे खरा पेच पडला. हिरव्या तोडल्या तर पोपटी होते, ठेवल्या तर बी होतं. पोपटी म्हणजे थंडीतला आमच्याकडचा सण समजा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, खडे मीठ, मग मडकं उपडं ठेवून भोवती गवत, गोवऱ्या पेटवायच्या. गल्लीतले सगळे विचारायला लागले, पोपटी कधी. चादरींचं उट्टं म्हणून वहिनी तर पहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "शेंगांना हात लावायचा नाय. ह्या बियाच्या."

"म्हणजे वाल आला की नाही ते ठरणार कसं?" दादा म्हणाले.

त्यावर सासूबाईंनी थोडा विचार केला. मग परसात जाऊन त्यांनी टोपलीभरही नाही, ओंजळभर शेंगा तोडल्या. पोपटी झाली, राब भाजला होता त्याच जागी, संध्याकाळी, मोकळ्या राहिलेल्या बाजूला. बटाटे वहिनींचे, अंडी शेजाऱ्यांची, भांबुर्डा मी रुळांच्या कडेने तोडून आणलेला. धूर झाला, पण पांढरा. गल्लीत एकजण म्हणाला, "हा कंपनीचा नाही," आणि सगळे हसले, दादासुद्धा. मडकं उलटलं, पाला बाजूला केला. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक शेंग.

दादांनी आपली शेंग सोलली. दाणे खाल्ले. सावकाश, डोळे मिटून. शेवटचा दाणा मात्र तोंडात गेला नाही. सगळे बटाट्यांमागे लागलेले असताना दादा उठले, पाय मोकळे करावेत तसे परसाच्या कोपऱ्यात गेले, खाली वाकले आणि तो भाजलेला, शिजलेला दाणा अंगठ्याने मातीत दाबला. वरून माती सारखी केली. हात पँटला पुसले.

मी पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. बापजाद्यांची शेती गेली त्याला इतकी वर्षं झाली होती, की भाजलेलं बी उगवत नाही एवढंही त्यांच्या लक्षात नसावं. किंवा असेल. आम्ही दोघींनी बटाटे सोलले.

दुसऱ्या दिवसापासून दादा दाढीचा मग घेऊन मागच्या दारात उभे राहायला लागले. दाढी झाली की उरलेलं पाणी कोपऱ्यात. सासूबाई बघत, पण वाल दव पितो असं म्हणाल्या नाहीत. आठवडा गेला. दादा रोज वाकून बघत आणि सरळ होताना कंबर धरत. ते मला बघवेना.

एका दुपारी गल्ली झोपली होती, सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या. मी बिस्किटांचा डबा उघडला, मागे ठेवलेल्या मुठीतला एक दाणा घेतला आणि त्या कोपऱ्यात, दादांच्या अंगठ्याच्या जागी, खोचून आले. जन्मात इतकं हलकं पाऊल मी टाकलं नव्हतं.

काही दिवसांनी सकाळी दादांची हाक आली. आम्ही दोघी धावत गेलो. साबण लावलेल्या गालांनी दादा उकिडवे बसले होते. कोपऱ्यात कोंब आला होता. एक नाही. दोन, शेजारी शेजारी.

"एका दाण्याला दोन," दादा म्हणाले. "आणि तोही भाजलेला."

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई कारखान्याच्या चिमणीकडे पाहत होत्या, फार लक्षपूर्वक. मग मीही चिमणीकडे पाहायला लागले.

सिमेंटच्या गोण्या तोवर दगड झाल्या होत्या. दादांनी त्या पुढच्या दारात पायरी म्हणून बसवल्या. फळीवरचा डबा त्या फाल्गुनात भरला. आणि दादा निवृत्त होईपर्यंत कंपनीच्या कँटीनमध्ये नव्या पोरांना सांगत, "आमच्या परसातली माती अशी आहे, की भाजलेला वाल लावला तरी दोन कोंब येतात." कुणी हसलं की त्याला घरी घेऊन येत, परसात नेत आणि चिमूटभर माती त्याच्या हातावर ठेवत.

"चाखून बघ," ते म्हणत.